हलके रिकर्व्ह धनुष्य आणि कार्बन बाण: निवड, कापणी आणि जुळवणी

गेल्या दिवाळीनंतर धान मळून झाले, तणशीचे ढीग उभे राहिले आणि माझ्या पुतण्याने आमच्या मोकळ्या बांधीत नव्या रिकर्व्ह (टोके पुढे वळलेल्या) धनुष्याचा सराव सुरू केला. धनुष्य 62 इंच लांबीचे, लाकडी रायझरचे (म्हणजे पकडीच्या मधल्या भागाचे) आणि 35 पौंड ताणाचे होते. बाण मात्र त्याला कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेले धनुष्य, चालवणाऱ्या एका मित्राने दिले होते. सहाच्या सहा 340 स्पाइनचे (स्पाइन म्हणजे बाणाच्या ताठपणाचे माप), काळेभोर आणि हातात घेतल्यावर अगदी मजबूत वाटणारे. पंधरा मीटरवरून ते बाण निशाणाच्या वीतभर डावीकडे लागत आणि सुटताना रायझरवर ‘खट्’ असा आवाज येई. दोन महिने तो आपलीच बोटे चुकतात असे समजून हात सुधारत राहिला. दोष बोटांत नव्हता. त्या धनुष्याला जितका ताठ बाण हवा होता, त्याच्या दुप्पट ताठ बाण तो सोडत होता.

2023 मध्ये नागपूरचे ओजस देवतळे बर्लिनमध्ये कंपाउंड प्रकारात विश्वविजेते झाले. तेव्हापासून आमच्या गावातल्या मुलांना धनुष्याची ओढ लागली आहे आणि ही फार चांगली गोष्ट आहे. पण कंपाउंडची मापे हलक्या रिकर्व्हला लावता येत नाहीत, हे त्यांना कोणी सांगत नाही. बाण निवडताना बहुतेक जण मजबुतीकडे पाहतात. हलक्या धनुष्याला लागतो तो योग्य तेवढा वाकणारा बाण, आणि तो कसा शोधावा हे मी येथे क्रमाने लिहीत आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. ज्या आखूड, शेल्फवरून (म्हणजे रायझरमधल्या, बाण टेकवायच्या खाचेवरून) बाण सोडण्याच्या रिकर्व्हविषयी मी लिहीत आहे, त्यांना बाहेर ‘हंटिंग रिकर्व्ह’ म्हणतात, कारण अमेरिकेसारख्या देशांत ती परवान्याच्या शिकारीसाठी घडवली गेली. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार शिकार हा गुन्हा आहे आणि शिकारीचा प्रयत्नसुद्धा त्यातच मोडतो. रानडुक्कर आणि रोही उभ्या पिकाची कशी नासाडी करतात हे मी स्वतः सोसले आहे, पण त्यावरचा मार्ग वनविभागाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करण्याचा आहे. अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाण्यासही याच कायद्याने बंदी आहे. म्हणून ताडोबा, नागझिरा किंवा मेळघाटच्या बाजूला राहणाऱ्यांनी धनुष्य कायम दोरी उतरवून, पिशवीत घालून आणि गावाच्या बाजूच्या रस्त्यानेच न्यावे. पुढचे सगळे विवेचन तणशीच्या निशाणावर साध्या टोकाच्या बाणांनी केलेल्या सरावासाठी आहे.

आधी आपले धनुष्य मोजावे

धनुष्याच्या खालच्या लिंबवर (रायझरच्या वर-खाली जोडलेल्या, वाकणाऱ्या पातीला लिंब म्हणतात) लिहिलेला 35 पौंडांचा आकडा 28 इंच खेचीसाठी असतो. आपली खेच तेवढी नसेल, तर आपल्या बोटांवर येणारा ताणही तेवढा नसतो. हलक्या धनुष्यात प्रत्येक इंचामागे साधारण 2 पौंडांचा फरक पडतो. खेच मोजण्यासाठी एक लांब, न कापलेला बाण लावावा, नेहमीप्रमाणे गालापर्यंत खेचावे आणि रायझरची पुढची, म्हणजे आपल्यापासून दूरची कड जिथे येते तिथे दुसऱ्याला बाणावर पेन्सिलने खूण करायला सांगावे. नॉकच्या (बाणाच्या शेपटीला असलेल्या, दोरीत अडकणाऱ्या टोपीच्या) खाचेपासून त्या खुणेपर्यंतचे अंतर ही आपली खेच समजावी. हे तीन वेळा करावे, कारण कोणी मोजत आहे म्हटल्यावर माणूस पहिल्यांदा नेहमीपेक्षा जास्त खेचतो.

ताण मोजायला प्रवासी बॅगा तोलण्याचा हुकाचा डिजिटल काटा पुरतो. हूक दोरीत अडकवून आपल्या खेचीपर्यंत सावकाश ओढावे आणि किलोला 2.2 ने गुणावे. पुतण्याची खेच साडेसव्वीस इंच निघाली आणि काट्याने 14.5 किलो, म्हणजे 32 पौंड दाखवले. बाणाची सगळी निवड या 32 वर करायची असते, लिंबवरच्या 35 वर नव्हे. मोजून झाल्यावर दोरी सावकाश परत आणावी. बाण न लावता खेचलेली दोरी हातातून सुटली, तर सगळी शक्ती लिंबमध्येच जिरते आणि लिंब तडकू शकतात.

स्पाइन म्हणजे काय, आणि ते घरी कसे तपासावे

स्पाइन म्हणजे बाणाचा ताठपणा. 29 इंच लांबीची कांडी (बाणाची नुसती नळी) 28 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर आडवी ठेवून तिच्या मध्यावर 880 ग्रॅम वजन टांगतात आणि ती इंचाच्या किती हजारांश भागाने झुकते ते पाहतात. अर्धा इंच झुकली तर स्पाइन 500. इंचाच्या सात दशांश झुकली तर 700. म्हणजे आकडा जितका मोठा, तितका बाण नरम. हा उलटा हिशोब नवीन माणसाला हमखास चकवतो आणि तो कमी आकड्याचा बाण उचलतो.

ही तपासणी घरीही करता येते. गोठ्याच्या फळीवर 28 इंचांवर दोन खिळे सारख्या उंचीवर ठोकावेत आणि त्यांवर बाण ठेवावा. किराणा दुकानातल्या काट्यावर पाण्याची बाटली दोरीसकट बरोबर 880 ग्रॅम भरून घ्यावी आणि ती बाणाच्या मध्यावर टांगावी. बाण किती मिलिमीटर खाली गेला ते पट्टीने पाहावे, त्याला 25.4 ने भागावे आणि 1000 ने गुणावे. 700 स्पाइनचा बाण जवळपास 18 मिलिमीटर झुकतो. पुतण्याचे 340 वाले बाण साडेआठ मिलिमीटरवरच थांबले. ज्या बाणांवरचे आकडे पुसले गेले आहेत, त्यांच्यासाठी ही युक्ती फार कामाची आहे.

हा झुकण्याचा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, हे समजून घेतले पाहिजे. बोटांवरून दोरी सुटते तेव्हा ती सरळ पुढे जात नाही. बोटांच्या टोकांवरून घसरताना किंचित बाजूला सरकते. त्यात बाण रायझरच्या कडेला टेकलेला असतो. त्यामुळे सुटलेला बाण आधी एका बाजूला वाकतो, मग दुसऱ्या बाजूला, आणि या हेलकाव्यात त्याची शेपटी रायझरला न घासता निघून जाते. 32 पौंडांचा धक्का ताठ बाणाला पुरेसा वाकवू शकत नाही. मग बाणाची शेपटी रायझरवर आपटते आणि तो ‘खट्’ आवाज येतो. कंपाउंडमध्ये दोरी यांत्रिक रिलीजने सुटते, बाजूला सरकणे नगण्य असते आणि ताणही जास्त असतो, म्हणून तिथे 340 योग्य ठरतो.

किती स्पाइनपासून सुरुवात करावी

29 ते 30 इंच लांब बाण आणि 125 ग्रेनचा (सुमारे 8 ग्रॅमचा) पॉइंट, म्हणजे बाणाचे पुढचे टोक, धरून, मोजलेला ताण 25 पौंडांच्या आसपास असेल तर 800 ते 1000, 30 पौंडांच्या आसपास 700 ते 800, 35 पौंडांना 600 ते 700 आणि 40 पौंडांना 500 ते 600 अशी सुरुवात मी सुचवतो. कंपन्यांचे तक्ते अनेकदा यापेक्षा ताठ बाण सांगतात, कारण ते मध्यापर्यंत खोल कापलेल्या रायझरसाठी केलेले असतात. आपल्या शेल्फच्या धनुष्यात बाण मध्यरेषेच्या थोडा बाहेर बसतो आणि त्याला रायझरभोवती जास्त वळावे लागते. म्हणून दोन आकड्यांत संभ्रम असेल, तर हलक्या धनुष्यासाठी नरम बाण घ्यावा. नरम बाण कापून ताठ करता येतो. ताठ बाण नरम करायला पॉइंटचे वजन वाढवण्यापलीकडे फारसे काही हातात उरत नाही.

पूर्ण डझन एकदम मागवू नये. सुटे बाण मिळत असतील, तर लगतच्या दोन स्पाइनचे दोन-दोन बाण मागवावेत आणि सोबत 100, 125, 150 आणि 175 ग्रेनचे दोन-दोन पॉइंट घ्यावेत. सरळपणाच्या बाबतीत ±0.001 इंचाच्या महागड्या बाणांवर खर्च करण्याची गरज मला वाटत नाही; वीस मीटरपर्यंतच्या सरावाला ±0.006 चे बाण पुरतात. वाचलेले पैसे चाचणीच्या सुट्या बाणांवर घालावेत.

वजनाकडे मात्र दुर्लक्ष करू नये. फार हलका बाण धनुष्याची सगळी शक्ती घेऊ शकत नाही. उरलेली शक्ती लिंब आणि दोरीत जाते, आवाज वाढतो आणि धनुष्याचे आयुष्य घटते. ताणाच्या प्रत्येक पौंडाला निदान 8, शक्यतो 9 ते 10 ग्रेन वजन असावे. पुतण्यासाठी घेतलेल्या 700 स्पाइनच्या कांडीचे वजन इंचाला 6.5 ग्रेन होते. साडेएकोणतीस इंचांची कांडी 192 ग्रेन, पॉइंट 125, इनसर्ट (पॉइंट बसवण्यासाठी कांडीत घातलेला तुकडा) 12, नॉक 9 आणि पिसे 9, असे मिळून 347 ग्रेन झाले. 32 ने भागल्यावर पौंडाला पावणेअकरा ग्रेन येतात, म्हणजे बाण सुरक्षित आहे. तयार बाण मी गावातल्या सोनाराच्या काट्यावर तोलून घेतला, 22.5 ग्रॅम भरला. एक ग्रॅम म्हणजे 15.43 ग्रेन, एवढे लक्षात ठेवले की वेगळ्या काट्याची गरज पडत नाही.

जुळवणीपूर्वी धनुष्याची तयारी

ब्रेस हाइट, म्हणजे चढवलेल्या दोरीपासून पकडीच्या सर्वांत खोल भागापर्यंतचे अंतर, निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेत ठेवावे. 62 इंचांच्या धनुष्याला ते सहसा साडेसात ते आठ इंच असते. दोरीला पीळ दिला की ते वाढते, पीळ काढला की कमी होते. आवाज आणि हाताला बसणारा हादरा जिथे सर्वांत कमी वाटेल तिथे थांबावे आणि आकडा लिहून ठेवावा, कारण नवी दोरी पहिल्या काही दिवसांत ताणते आणि ब्रेस हाइट नकळत उतरते.

नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर बाण अडकवण्याच्या जागेची खूण, शेल्फवरच्या बाणाचा दोरीशी काटकोन होतो त्या जागेपेक्षा अर्धा इंच वर बांधून सुरुवात करावी. मी पितळी कडीऐवजी मेण लावलेला दोरा गुंडाळतो, कारण तो पिळून वर-खाली सरकवता येतो. तिन्ही बोटे बाणाखाली ठेवणाऱ्यांनी बाणाच्या खालीही दुसरी गाठ बांधावी, नाहीतर नॉक खाली घसरतो. नॉक दोरीवर फार घट्ट बसू नये. बाण दोरीला उलटा लटकवून दोरीवर बोटाने हलकी टिचकी मारली की तो सुटून पडला पाहिजे.

बिनपिसांच्या बाणाची चाचणी

सगळ्या जुळवणीचा गाभा हीच चाचणी आहे. पिसे बाणाच्या चुका झाकतात. पिसे नसलेला बाण त्या उघड्या पाडतो. निशाणाच्या डावीकडे बाण जाणे हा स्वतः काही पुरावा नाही, कारण त्यामागे डोळा, नेम, पकड असे काहीही असू शकते. पण त्याच हाताने, त्याच नेमाने सोडलेला पिसांचा आणि बिनपिसांचा बाण वेगवेगळ्या जागी लागला, तर हात आणि नेम दोन्हींत समान असल्यामुळे उरलेला फरक बाणाचा असतो.

तीन पिसांचे आणि दोन बिनपिसांचे बाण घ्यावेत. लांबी आणि पॉइंट सारखेच असावेत. बारदान्यात तणस ठासून शिवलेले जाड निशाण उभे करावे आणि त्याच्या मागे मातीचा उंच ढिगारा किंवा धुरा असावा. पहिले बाण आठ मीटरवरूनच सोडावेत, कारण फार बेजुळणीचा बिनपिसांचा बाण आडवा होऊन निशाणात शिरतो आणि मोडतो. ते ठीक लागले की बारा, मग पंधरा मीटरवर जावे. सकाळी, वारा नसताना आणि हात ताजा असताना हे करावे. दमलेल्या हाताने केलेली चाचणी खोटे बोलते.

आधी उंचीकडे पाहावे. बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणांच्या वर लागत असेल, तर नॉकिंग पॉइंट खाली आहे, तो वर सरकवावा. खाली लागत असेल तर खाली आणावा. एका वेळी दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकवू नये. उंची जुळल्याशिवाय डाव्या-उजव्याकडे वळू नये, कारण शेल्फवर आपटून उसळणारा बाण बाजूचेही चुकीचे चित्र दाखवतो.

मग बाजू पाहावी. उजव्या हाताने खेचणाऱ्याचा बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणांच्या डावीकडे लागला तर तो ताठ आहे, उजवीकडे लागला तर नरम आहे. डावखुऱ्यांनी हे उलटे वाचावे. बाण तणशीत कोणत्या कोनात तिरपा उभा आहे यावर मी विश्वास ठेवत नाही, कारण तणशीचा पेंढा त्याला कुठेही वळवतो. कुठे लागला तेच पाहावे, आणि एका बाणावरून निर्णय न घेता निदान पाच फेऱ्यांचा कल पाहावा.

बाण ताठ दिसला तर पॉइंटचे वजन 125 वरून 150, मग 175 करावे. तरीही डावीकडेच असेल, तर पुढच्या नरम स्पाइनचा बाण घ्यावा, ओढाताण करू नये. बाण नरम दिसला तर आधी हलका पॉइंट लावून पाहावा, मात्र एकूण वजन पौंडाला 8 ग्रेनच्या खाली जाऊ देऊ नये. फरक अगदी थोडा असेल तर शेल्फच्या बाजूच्या पट्टीखाली पातळ चामड्याचा एक तुकडा चिकटवला तरी बाण थोडा ताठ वागू लागतो. यानंतरही नरम असेल तेव्हाच कापणीकडे वळावे. पुतण्याचे 700 चे बाण तीस इंचांवर दोन बोटे उजवीकडे लागत होते. पाव-पाव इंच करत साडेएकोणतीसवर आलो तेव्हा पाचही बाण माझ्या तळहाताखाली झाकले गेले. त्या दिवशी तो ‘खट्’ आवाज पूर्ण बंद होता. फक्त दोरीचा दबका आवाज आणि तणशीत बाण शिरल्याचा आवाज येत होता.

कापणी आणि चिकटवणी

चाचणीच्या काळात इनसर्ट कमी तापमानाच्या हॉट मेल्ट गोंदाने बसवावेत, म्हणजे पॉइंटचे टोक उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट धरले की पकडीने ओढून काढता येतात. कार्बनवर थेट ज्योत कधीही लावू नये. आतली राळ जळते आणि कांडी आतून कमजोर होते.

एका वेळी पाव इंचच कापावे, तेही पुढच्या टोकाकडून. पूर्ण खेचल्यावर बाणाचे टोक रायझरच्या निदान एक इंच पुढे राहिलेच पाहिजे, अन्यथा तो शेल्फवरून आत घसरून हातात घुसू शकतो. कापण्यासाठी पातळ घासणारी चकती लावलेले वेगाने फिरणारे यंत्रच वापरावे. पाइप कटरने किंवा लोखंड कापायच्या करवतीने कार्बनचे तंतू चिरतात. काम मोकळ्या जागी, नाकातोंडावर चांगला मास्क आणि डोळ्यांवर चष्मा लावून करावे, आणि ओल्या कपड्याने धूळ पुसून घ्यावी. ही धूळ फुप्फुसांना वाईट असते आणि त्वचेत टोचते. कापलेले टोक सपाट फरशीवर ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर हलक्या हाताने फिरवून चौरस करावे.

लांबी पक्की झाली की कांडीचा आतला भाग स्पिरिटने पुसून इनसर्ट दोन घटकांच्या इपॉक्सीने कायमचे बसवावेत. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या माझ्या हॉट मेल्टच्या बाणांपैकी दोघांचे पॉइंट तणशीतच राहिले होते. विदर्भाच्या 45 अंशांच्या उन्हात तो गोंद चाचणीपुरताच बरा.

शेल्फवरून सोडायचे असेल तर प्लास्टिकच्या पात्या नकोत, पिसेच हवीत. ती शेल्फला लागली तरी दबतात आणि बाणाची दिशा बिघडवत नाहीत. चार इंचांची तीन पिसे, सगळी एकाच बाजूच्या पंखाची आणि किंचित पीळ देऊन चिकटवलेली असावीत. रंगवलेली टर्कीची पिसे बाजारात मिळतात. रानातून वेचलेली पक्ष्यांची पिसे वापरू नयेत. पावसाळ्यात पिसे भिजून चपटी होतात, म्हणून भात्यावर प्लास्टिकची पिशवी बांधावी.

पिसे लावल्यावर बाणाचा तोल पाहावा. बोटावर तोलून धरल्यावर आमचा बाण नॉकपासून पावणेवीस इंचांवर स्थिर राहिला. मध्य 14.75 इंचांवर आहे, म्हणजे तोल 5 इंच पुढे. लांबीच्या सुमारे 17 टक्के. 12 ते 18 टक्क्यांत असेल तर पुढे काही करू नये.

प्रत्येक वेळी करायची तपासणी

लाकडी किंवा बांबूच्या बाणाची चीर तो मोडण्याआधी दिसते. कार्बनचा बाण वरून धड दिसतो आणि सुटताना फुटतो, आणि त्याची कुसळे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. म्हणून दगडाला, लाकडी चौकटीला किंवा दुसऱ्या बाणाला लागलेला प्रत्येक बाण तपासल्याशिवाय पुन्हा लावू नये. दोन्ही टोके धरून, चेहऱ्यापासून दूर, बाण दोन इंच वाकवावा, मग पाव फेरा फिरवून पुन्हा वाकवावा, असे चारही बाजूंनी करावे आणि कान देऊन ऐकावे. वाळलेली पऱ्हाटी मोडताना येतो तसा बारीकसा जरी आवाज आला, तरी तो बाण तिथेच दोन तुकडे करून टाकावा, म्हणजे लहान मुले तो उचलून लावणार नाहीत. शेवटी कापसाचा बोळा कांडीवरून गोल फिरवावा; जिथे धागा अडकेल तिथे चीर आहे.

प्रत्येक बाणावर क्रमांक घालावा. एखादा क्रमांक वारंवार बाहेर जात असेल, तर त्याचा नॉक थोडा फिरवून पाहावा, कारण काही कांड्या एका बाजूने जास्त ताठ असतात. दोन-तीन जागा बदलूनही सुधारला नाही तर तो बाजूला काढावा. वहीत ब्रेस हाइट, नॉकिंग पॉइंटची उंची, स्पाइन, लांबी, पॉइंट आणि एकूण वजन लिहून ठेवावे. दोरी बदलली, लिंब बदलले किंवा सरावाने खेच अर्धा इंच वाढली, की दोन बिनपिसांचे बाण काढून पंधरा मीटरवरची चाचणी पुन्हा करावी. यासाठी जुळलेल्या मापाचे दोन बाण आम्ही पिसे न लावता भात्यात कायमचे ठेवले आहेत.